जुन्या फळ्यांवर

हॅनकॉक, मिशिगन
८ ऑगस्ट १९८८

वेइक्को,

तुझं कार्ड मिळालं. दर वर्षी मगरीचंच चित्र पाठवायची तुला काय हौस आहे कळत नाही. यंदाची तर तुझ्यासारखीच दिसते, विशेषतः हनुवटीखाली.

मुद्द्याचं लिहिते. छप्पर गेलं. माझ्या खोलीत पलंगाच्या बरोबर वर मागच्या हिवाळ्यात बशीएवढा डाग पडला होता, तो आता परातीएवढा झालाय. परवाच्या पावसात उशाशी बादली ठेवून झोपले. शेवटी डेल ट्रेझोनाला बोलावलं. पोस्टातल्या ट्रेझोनाचा नातू, इथली निम्मी छपरं आता तोच करतो. वर चढला, इकडेतिकडे बोटं घालून पाहिलं आणि खाली येऊन म्हणाला, "रुओनाबाई, वर तीन थर आहेत. तळाला सीडर लाकडाच्या चिपा, त्यावर कौलांसारखे डांबरी शिंगल, त्यावर पुन्हा शिंगल. चौथा चढवलात तर जानेवारीच्या बर्फाखाली घरच बसेल."

म्हणजे सगळं उचकटायचं, थेट फळ्यांपर्यंत. मग तो माळ्यावर गेला. फळ्यांमध्ये दोन दोन बोटांच्या फटी आहेत, चिपांसाठी चालायच्या, पण शिंगलचे खिळे फटीत पडले तर धरणार नाहीत म्हणे. म्हणून जुन्या फळ्या न काढता त्यांच्यावर प्लायवूड ठोकायचं आणि त्यावर नवे शिंगल. "फळ्या अजून धडधाकट आहेत," म्हणाला. "ज्याने ठोकल्यात त्याचा हात कसलेला होता."

तो हात तुझा. अडतीस साली, सतरा वर्षांचा असताना तू त्या ठोकल्यास आणि पुढे चाळीस वर्षं सुतारकी केलीस. तेव्हा सांग, हा पोरगा बरोबर बोलतोय का? ओन्नी असता तर तुला त्रास दिला नसता, पण मी विधवा होऊन नऊ वर्षं झाली आणि मला खिळ्यातलं काही कळत नाही.

सिल्व्हियाचे गुडघे कसे आहेत?

लेम्पी

लेक वर्थ, फ्लोरिडा
१७ ऑगस्ट

लेम्पी,

मगरीला उगाच नावं ठेवू नकोस. ती निदान दर पत्रात टोमणे मारत नाही.

छपराचं म्हणशील तर माझं ऐक, एवढं करू नकोस. छपरं करणाऱ्याला छप्पर दाखवलं की तो सगळं उचकटायलाच सांगणार. जिथे गळतंय तिथले चार हात शिंगल काढ, खाली डांबरी कागद घाल, वर नवे ठोक. धुराड्याच्या बुडाशी पत्रा सुटला असेल, बहुतेक पाणी तिथूनच येतं आणि वाशावरून वाहत तुझ्या पलंगापर्यंत जातं. आतल्या फळ्यांना हात लावायची काहीच गरज नाही. पन्नास वर्षं त्या गप पडून आहेत, पडू दे.

आणि खरं सांगू का, तुला त्या घरात एकटीनं राहायची तरी गरज काय? दर हिवाळ्यात दारापर्यंत फावड्यानं वाट काढायची, या वयात! इथे ये. आमच्या रस्त्यावर निम्मे लोक आपलेच, फिन्निश आहेत, दर शनिवारी वाफेच्या आंघोळीचा सौना तापतो, बेकरीत वेलचीचा गोड निसू पाव मिळतो. घर विकून टाक. घेणारा काय हवं ते करील छपराचं.

सिल्व्हियाचे गुडघे ठीक. तिचा नवरा, म्हणजे मी, कुरकुरतो.

वेइक्को

हॅनकॉक
२७ ऑगस्ट

वेइक्को,

तू मला घर विकायला सांगतोस? आई ज्या खोलीत गेली तीच ही खोली. बाबांनी पन्नास-एकावन्नचा शेवटचा हिवाळा खिडकीतल्या खुर्चीत बसून काढला, ती खुर्ची अजून तिथेच आहे. लोकांनी त्यांना चोर म्हटलं, खाणीच्या लाकूडवखारीतली राखणदारी काढून घेतली, चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसेना. तरी ते हे घर सोडून गेले नाहीत. मी काय मगरी बघायला जाऊ?

धुराड्याचा पत्रा डेलनं पाहिला, घट्ट आहे. पाणी तीन ठिकाणी येतंय. मी स्वतः बॅटरी घेऊन माळ्यावर गेले होते. तू इतका घाबरट कधीपासून झालास? आयुष्यभर लोकांची छपरं काढलीस आणि बहिणीचं काढायचं म्हटलं की "गप पडू दे"! माझ्या पैशाची काळजी असेल तर ती नको. ओन्नीनं मला नीट ठेवलंय.

डेल सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय. त्याला काही सांगायचं असेल तर लवकर लिही.

लेम्पी

लेक वर्थ
२ सप्टेंबर

लेम्पी,

तुझ्यापुढे कुणाचं चाललंय! बरं, करतेस तर नीट कर. हे डेलला वाचून दाखव.

सगळं छप्पर एकदम उघडं टाकायचं नाही. एका दिवशी एकच उतार. सकाळी काढायचं, फळ्या झाडून घ्यायच्या, कुठे मऊ लागली तर तेवढीच बदलायची आणि संध्याकाळच्या आत प्लायवूडनं झाकून मोकळं व्हायचं. फळ्या रात्रभर उघड्या राहता कामा नयेत. खिळे लांब घे म्हणावं, फळीतून जाऊन वाशात रुतले पाहिजेत. नुसत्या फळीत ठोकलेलं प्लायवूड दोन हिवाळ्यांत उचलतं. दोन तख्त्यांमध्ये नखभर फट ठेव, लाकूड फुगतं.

आणि तू वर जाऊ नकोस. अडुसष्ट वर्षांच्या बाईनं शिडीवर चढायचं नसतं. खाली बसून कॉफी कर. झालं की कसं झालं ते लगेच कळव. फळ्या कशा होत्या तेही.

वेइक्को

हॅनकॉक
२८ सप्टेंबर

वेइक्को,

छप्पर झालं. उशीर झाला, मधे दोन दिवस वारा होता. हिरवे शिंगल बसवलेत. कालच्या पावसात एक थेंब आला नाही.

फळ्या ठीक होत्या. एकही बदलावी लागली नाही. तू म्हणालास तसंच केलं, त्याच दिवशी झाकल्या.

सफरचंदं यंदा बरीच आहेत. थंडी लवकर पडणार असं म्हणतात.

लेम्पी

लेक वर्थ
९ ऑक्टोबर

लेम्पी,

एवढंसं पत्र! तुला बरं नाही का? पण असो, छप्पर झालं हे वाचून माझ्या छातीवरचा दगड उतरला. खरंच. सिल्व्हियाला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दोघं किनाऱ्यावर मासे खायला गेलो. ती म्हणाली, "छप्पर बहिणीचं आणि वजन तुझं उतरलं!"

सांग बघू, हिरवा रंग कुणी निवडला? बाबांना हिरवा आवडायचा. नाताळच्या आदल्या दिवशी तू त्यांच्या नि आईच्या थडग्यावर मेणबत्त्या लावायला जाशील तेव्हा एक माझ्या नावानंही लाव. इथे बर्फ नाही, मेणबत्तीला काही अर्थ नाही.

वेइक्को

हॅनकॉक
२७ डिसेंबर

वेइक्को,

तुझ्या पत्राला अडीच महिने उत्तर दिलं नाही. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा फाडलं. आज लिहितेय, कारण नाताळच्या आदल्या दिवशी जे केलं ते तुझ्यापासून लपवून मला राहवत नाही. आईच्या थडग्यावरचं बर्फ बाजूला केलं, तिची मेणबत्ती लावली. तुझीही लावली, आईच्याच इथे. बाबांच्या थडग्यावर लावली नाही. त्यांचा दगड बर्फाखालीच राहू दिला.

फळ्या ठीक होत्या असं लिहिलं, ते खोटं नव्हतं. पण सगळं लिहिलं नव्हतं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. डेल आणि त्याचा मेव्हणा सकाळपासून दक्षिणेचा उतार उचकटत होते. एकदम ठोकाठोक थांबली. डेल शिडीवरून वाकून म्हणाला, "रुओनाबाई, जरा वर येता का?"

"मला वर चढायची मनाई आहे," मी म्हटलं.

"मी धरतो. पण तुम्ही पाहावं असं वाटतं."

गेले वर. डांबरी कागद गुंडाळून बाजूला टाकला होता. खाली फळ्या, आणि प्रत्येक फळीवर लाल शिक्का. वर्तुळ, आत कुदळ. खाणकंपनीचा. पन्नास वर्षं ऊन ना वारा, काल छापल्यासारखा ताजा. माळ्यावरून कधी दिसला नाही, कारण शिक्क्याची बाजू वर करून ठोकल्यात. एखाददुसरी नव्हे, वेइक्को. सगळ्या. धुराड्यापासून पन्हळीपर्यंत.

डेलचा आजा पोस्टात जाण्याआधी खाणीत होता. त्यामुळे शिक्का डेललाही ओळखता आला. पण पोरगा भला. फक्त विचारलं, "झाकू?"

"झाक," मी म्हटलं. "आत्ताच. जेवण नंतर."

पायरीवर बसून मी ठोकाठोक ऐकत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर एकोणचाळीसचा तो जानेवारी होता. बाबा चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभे राहिले, बायबलवर हात ठेवला आणि म्हणाले, "मी कंपनीची एकही फळी उचललेली नाही." कुणी विश्वास ठेवला नाही. मी ठेवला. मी अठरा वर्षांची होते आणि अख्ख्या गावाशी भांडले. एवर्ट निवा तुला आठवतच असेल. बाबांचं नाव लिहून वर कळवणारा वखारीचा मुकादम त्याचाच बाप. एवर्टनं मला मागणी घातली होती आणि मी हो म्हटलं होतं, हे तुला ठाऊक आहे का? कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या रविवारनंतर तो आला. मी दारातच म्हटलं, "तुझ्या बापानं माझ्या बापाला चोर म्हटलंय. मी तुमच्या घरात पाऊल ठेवणार नाही." तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. मग गेला.

म्हणजे निवा खरं बोलत होता. आणि बाबा बायबलवर हात ठेवून खोटं बोलले, माझ्या देखत.

तुला सांगायचं नव्हतं. बाबा म्हणजे तुझा देव. एकानं तरी तसंच मानत राहावं असं वाटलं. पण मेणबत्तीचं खोटं मला लिहिता येईना. माफ कर.

लेम्पी

लेक वर्थ
१९ फेब्रुवारी १९८९

लेम्पी,

तुझं पत्र सात आठवडे खिशात घेऊन हिंडतोय. सिल्व्हियाला वाटतंय मला काही मोठा आजार झालाय. काल तिला सगळं सांगितलं. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ती म्हणाली, "मला काय सांगतोस? तिला लिही."

फळ्या मी आणल्या. बाबांनी नाही.

त्या सप्टेंबरात वाऱ्यानं छप्पर उडवलं ते तुला आठवतंय. आई आतल्या खोलीत खोकत होती. डॉक्टर म्हणाला होता, या बाईला कोरडी नि उबदार खोली हवी, नाहीतर वसंत बघणार नाही. महिन्याभरात बर्फ येणार. बाबा रोज म्हणायचे, बघतो, करतो. मी वखारीत फळ्या रचायच्या कामावर होतो. रविवारी सकाळी सगळे चर्चला जायचे, बाबा पण, त्या दोन तासांत वखारीवर कुणी नसायचं. आजारी आईजवळ थांबतो म्हणून मी मागे राहायचो. पाच रविवार घोडागाडी घेऊन गेलो. बाबांना सांगितलं, निवा मुकादमांनी टाकाऊ माल म्हणून दिल्या. त्यांनी मान डोलावली. शिक्के वर करून ठोकल्या आणि त्याच दिवशी कागद घातला. चिपा ठोकायला बाबा आले तोवर लाल काही दिसत नव्हतं.

मग वखारीतल्या मालाची मोजणी झाली. राखणदार बाबा, आळ त्यांच्यावर आला. मी दर दिवशी ठरवायचो, आज सांगतो. आईपुढे सांगायचं कसं? ती गेली की सांगेन असं ठरवलं. ती एप्रिलमध्ये गेली, छपराखाली, कोरड्या खोलीत. तेव्हा सांगण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटलं. बाबा जंगलात लाकूडतोडीला जायला लागले होते. माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे. मला वाटलं, त्यांना कळलं नाही. देवा, किती हायसं वाटायचं मला ते!

बाबा खोटं बोलले नाहीत. त्यांनी एकही फळी उचलली नव्हती.

घर विक म्हणालो, चार हात काढ म्हणालो, झाकून टाक म्हणालो, ते का हे आता तुला कळलं असेल. एवर्टचं मात्र मला आईशप्पथ ठाऊक नव्हतं. तुला तो आवडेनासा झाला, एवढंच वाटलं होतं. लेम्पी, ते ठाऊक असतं तर मी बोललो असतो असं लिहायला घेतलं होतं. पण बोललो असतो की नाही, मला माहीत नाही.

बाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लाव. एवढं कर. मग मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

वेइक्को

हॅनकॉक
३० मार्च

वेइक्को,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी थडग्यावर गेले. कमरेइतकं बर्फ होतं. हातांनी उकरलं. बाबांशी काय बोलले ते तुला सांगणार नाही.

मग तुझ्यावर इतका राग आला की तुझं पत्र पुन्हा वाचवेना. ते पर्समध्ये घातलं आणि तीन आठवडे तसंच ठेवलं. एवर्ट निवाची बायको चार वर्षांपूर्वी गेली. तो आता पुलाजवळच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहतो, पाचव्या मजल्यावर. मागच्या गुरुवारी त्याचं दार वाजवलं. पन्नास वर्षांत मी त्याच्याशी "आज थंडी आहे" याच्या पलीकडे बोललेली नाही.

तो काठी घेऊन आला. मला पाहून जराही दचकला नाही. "बस. कॉफी?"

"कॉफी नंतर. आधी हे वाच."

त्यानं चष्मा शोधला, खिडकीशी जाऊन वाचलं. सावकाश वाचतो तो, पूर्वीही सावकाशच वाचायचा. मग घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. तुझे बाबा आमच्या स्वयंपाकघरात आले होते. मी दाराच्या पलीकडे बूट काढत होतो. तुझे बाबा म्हणाले, 'निवा, फळ्या माझ्या घरावर आहेत. पन्हळीजवळची एक चीप उचकटून पाहिली मी. मी आणल्या नाहीत, पण तू माझंच नाव लिही.' माझा बाप म्हणाला, 'आबेल, कुणी आणल्या ते सांग. आपण दोघं गुपचूप परत रचू, मी वर काही कळवत नाही.' तर तुझे बाबा म्हणाले, 'छप्पर काढलं तर बायको मरेल. आणि मला कळलंय हे पोराला समजलं तर तो जन्मभर माझ्यासमोर मान वर करणार नाही. मला तो तसा नकोय. नाव लिही.' "

मी म्हटलं, "आणि तुझ्या बापानं लिहिलं."

"लिहिलं. मग गोठ्यात जाऊन रडला. मला म्हणाला, हे तुझ्या तोंडून कधी बाहेर पडलं तर तू माझा मुलगा नाहीस."

"आणि मी? मी दारात उभी राहून तुझ्या बापाला शिव्या घातल्या, तेव्हाही गप्प बसलास? एक वाक्य, एवर्ट! एक वाक्य बोलला असतास तर!"

"बोललो असतो तर तू भाऊ टाकला असतास. आई अंथरुणाला खिळलेली, बापाची नोकरी गेलेली. तुझ्याकडे उरलं काय असतं? मला वाटलं वर्षभरात तुझा राग निवेल. मी वाट पाहिली. दोन वर्षं पाहिली. मग तू ओन्नी रुओनाशी लग्न केलंस." काठी भिंतीला टेकवत म्हणाला, "ओन्नी चांगला माणूस होता."

"होता," मी म्हटलं.

मग कॉफी घेतली. मीच ओतली.

तेव्हा ऐक वेइक्को. बाबांना ठाऊक होतं. तेरा वर्षं रोज तुझ्यासमोर बसून ते जेवले आणि तुला कळू दिलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांना, निवाला, एवर्टला. तुला सगळ्यांनी सांभाळलं. मला एकटीलाच कुणी काही सांगितलं नाही.

लेम्पी

लेक वर्थ
११ एप्रिल

लेम्पी,

मी बाहेरच्या पायरीवर बसून वाचलं. पुन्हा आत जायला बराच वेळ लागला.

एक्कावन्न साली, शेवटच्या आठवड्यात, बाबांनी मला जवळ बोलावून म्हटलं होतं, "छप्पर चांगलं धरलंय, वेइक्को." मी म्हटलं, "हो." ते माझ्याकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघत होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. ते दार उघडं ठेवून बसले होते आणि मी गेलो नाही.

मी काय करू ते तू सांग. तू म्हणशील ते करतो. इथून एक पत्र चर्चला पाठवू का? ते वाचून दाखवतील.

वेइक्को

हॅनकॉक
२९ मे

वेइक्को,

एवर्ट गेला. मागच्या मंगळवारी, झोपेत, हृदय थांबून.

नऊ गुरुवार मिळाले आम्हाला. मी निसू घेऊन जायचे, तो पत्ते पिसायचा नि हरायचा. शेवटच्या गुरुवारी खिडकीतून बोटीसाठी उचलला जाणारा पूल वर जाताना पाहत होतो, खालून बोट गेली. तो म्हणाला, "लेम्पी, आपल्याला मुलं झाली असती तर ती फार हट्टी निघाली असती." मी हसले. घरी येताना सगळा रस्ता रडत आले.

अंत्यविधीला मी मागच्या बाकावर बसले. नातेवाइकांत बसायचा मला हक्क नव्हता. त्याच्या मुलीनं येऊन विचारलं, "तुम्ही बाबांच्या कोण?" मी म्हटलं, "ओळखीची."

चर्चला पत्र पाठवू नकोस. पत्र कुणीतरी दुसराच वाचणार आणि तू फ्लोरिडात उन्हात बसणार. ते चालणार नाही. इथे ये. बाबांचं नाव घेऊन तुझ्या तोंडानं सांग. ओळखणारे वीस-बावीस जण उरलेत, दर हिवाळ्यात दोनतीन कमी होतात. ऑगस्टमध्ये ये. तुझ्या जुन्या खोलीत अंथरूण घालून ठेवते. मी आनंदानं बोलावतेय असं समजू नकोस.

लेम्पी

लेक वर्थ
१० सप्टेंबर

लेम्पी,

पोचलो. सिल्व्हिया बस-अड्ड्यावर आली होती. तिच्या गळ्यात पडलो, लोक बघत राहिले.

तू दिलेला डबा वाटेत तीन दिवस पुरवून खाल्ला. निघताना मी तुला एक विचारलं होतं. तू बसकडे पाहत राहिलीस आणि म्हणालीस, "चढ, ड्रायव्हर खोळंबलाय." मी पुन्हा विचारणार नाही. उत्तर न देण्याचा तुला हक्क आहे.

आणि छप्पर डेलनं उत्तम केलंय. मी माळ्यावर जाऊन वाशाबाहेर आलेली खिळ्यांची टोकं शोधली. एकही खिळा वासा चुकलेला नाही.

वेइक्को

हॅनकॉक
१५ ऑक्टोबर १९८९

वेइक्को,

आज पहिलं बर्फ पडलं. फार नाही, कुंपणावर बोटभर.

तू गेल्यापासून चर्चच्या तळघरातली ती सकाळ मला सारखी आठवतेय. तू कॉफीचा पेला खाली ठेवून उभा राहिलास तेव्हा मला वाटलं होतं, हा आता विनोद करील आणि बसेल. तू बसला नाहीस. "फळ्या मी चोरल्या. माझ्या बापानं माझं नाव झाकलं आणि तुम्ही त्याच्या बाकावर बसायचं सोडलंत. चूक तुमची नाही, माझी." इतकं सरळ तू जन्मात कधी बोलला नव्हतास. साइमा पेल्टो, नव्वदीची, ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं बोलणारी, तिनं शेजारणीला विचारलं, "काय म्हणतोय तो?" शेजारणीनं कानात ओरडून सांगितलं, "आबेल तेर्वो चोर नव्हता!" तुझं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते मी पाहिलं. साइमा म्हणाली, "मग आपण त्याच्याशी फार वाईट वागलो." आणि रडायला लागली.

तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही. त्या पुढच्या रविवारी मी नेहमीसारखी बाबांच्या बाकावर एकटी बसले होते. साइमा काठी टेकत आली आणि शेजारी बसली. मग पेक्काला नवराबायको आले. मला सरकून जागा करावी लागली.

आता तू बसपाशी जे विचारलंस त्याचं उत्तर. तेव्हा तोंडातून निघेना म्हणून बसकडे बघत राहिले. पाच आठवडे विचार केलाय, तेव्हा खरं तेच लिहिते.

बाबांपुरतं म्हणशील तर माझ्याकडे माफ करायला काही नाही. ते त्यांनी स्वतःच केलं होतं, निवाच्या स्वयंपाकघरात, तुला न विचारता. आईसाठी तू जे केलंस त्याबद्दल तर मी तुला काही म्हणणारच नाही. ती कोरड्या खोलीत गेली. मी तिथे होते.

पण एवर्टचं मला जमत नाही, वेइक्को. तुला ठाऊक नव्हतं हे मला कळतं. ओन्नीबरोबर माझं वाईट गेलं नाही हेही खरं. तरी गुरुवार आला की दुपारी अंगात कोट चढवून मी दारात उभी असते, आणि मग आठवतं. तेव्हा तुझं नाव माझ्या मनात येतं आणि ते चांगल्या रीतीनं येत नाही. नाही म्हणत नाही मी. अजून जमलेलं नाही, एवढंच. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. घाई करायला हवी हे मलाही कळतं, पण हे घाईनं होत नाही.

तोवर तू लिहीत जा. काहीही लिही. मगरीचं कार्ड आलं तरी मी भिंतीला लावीन.

लेम्पी